बापाचा छंद आणि घरची माणसे

दिवसभराचे काम संपते. गुरे गोठ्यात येतात. चुलीवर भाकरी पडायला अजून अवकाश असतो. हा तास-दीड तास घरातल्या कर्त्या पुरुषाचा स्वतःचा असतो. त्या वेळेचे तो काय करतो?

कोणी पारावर जाऊन बसतो. कोणी पत्ते कुटतो. कोणी मोबाईल घेऊन कोपरा धरतो. कोणी नको त्या ठिकाणी जाऊन खिसा रिकामा करून येतो. आणि कोणी चऱ्हाट वळतो, बाज विणतो, पोराला भोवरा तासून देतो, नाही तर भजनाचा मृदंग काढून बसतो.

कोणी सांगितले नसताना, केवळ मनाला आवडते म्हणून माणूस जे काम करतो, त्याला छंद म्हणतात. छंद वाईट नाही. पण छंदाला वेळ लागतो. कधी पैसाही लागतो. तो वेळ घरचा असतो आणि तो पैसाही घरचाच असतो. म्हणून बापाचा छंद ही एकट्या बापाची गोष्ट नसते. त्याचा भार घरावर पडतो. त्याचा आनंदही घराला मिळू शकतो.

हे नुसते सांगून पटायचे नाही. म्हणून आपण एका खऱ्या बापाची हकिकत पाहू. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. लोक त्यांना दादासाहेब फाळके म्हणतात. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव सगळीकडे घेतात. पण आज आपण त्यांच्याकडे मोठा माणूस म्हणून पाहणार नाही. घरातला बाप म्हणून पाहू.

एक ना धड?

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे शास्त्री होते. घरात पूजापाठ आणि पोथ्या. मुलाने शास्त्री व्हावे, अशी ही परंपरा. पण मुलाचे मन रंगांत आणि चित्रांत होते. वडील मुंबईला कॉलेजात संस्कृत शिकवू लागले, तेव्हा घर मुंबईला आले. १८८५ साली फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या चित्रकलेच्या शाळेत दाखल झाले. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले.

ते चित्रे काढत. फोटो काढत. साच्यातून मूर्ती करत. नाटकाचे पडदे रंगवत. छपाईची कला त्यांनी शिकून घेतली. रंगीत छपाईची यंत्रे पाहायला आणि आणायला ते १९०९ साली जर्मनीला जाऊन आले.

आणि त्यांना जादूचाही नाद होता बरं का! हातचलाखीचे खेळ ते लोकांपुढे करून दाखवत. त्या वेळी त्यांनी स्वतःला एक गमतीचे नाव घेतले होते. ते नाव ‘प्रोफेसर केळफा’. आता हे नाव उलटे वाचा. फा, ळ, के. फाळके! अक्षरे वाचता आली की अशी जादू आपल्यालाही उलगडता येते.

एवढे सारे उद्योग करणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात? ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ फाळक्यांकडे पाहूनही कोणाला तसे वाटले असते. पण चिंध्या टाकून न देता जपून ठेवल्या, तर थंडीच्या दिवसांत त्यांची गोधडी होते. फाळक्यांचे तसेच झाले. फोटो, रंग, छपाई, नाटक, जादू हे सगळे तुकडे पुढे एकाच कामाला लागले.

सगळे घर तंबूत गेले

साल १९११. फाळक्यांचे वय चाळिशीचे. छापखान्याच्या धंद्यात भागीदारांशी पटले नाही, म्हणून ते त्यातून बाहेर पडले होते. घरात बायको सरस्वतीबाई आणि मुले होती. नेमाची मिळकत नव्हती.

एप्रिल महिन्यात एके दिवशी ते थोरल्या मुलाला, भालचंद्राला, घेऊन गिरगावात एक खेळ पाहायला गेले. तिथे पडद्यावर जनावरे हलताना दिसली. भालचंद्र घरी आला आणि आईला सांगू लागला. घरच्यांचा काही विश्वास बसेना. पडद्यावरचे जनावर कुठे चालते का?

अशा वेळी पुष्कळ बाप काय करतात? ‘पोरगं आहे, काहीतरी बोलतंय,’ असे म्हणून विषय सोडून देतात. फाळक्यांनी तसे केले नाही. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या घराला घेऊन तोच खेळ दाखवायला निघाले. मुलाचे म्हणणे खरे की खोटे, ते ज्याचे त्याने डोळ्यांनी पाहावे.

त्या दिवशी ख्रिस्ती लोकांचा ईस्टरचा सण होता. म्हणून जनावरांचा खेळ नव्हता. येशू ख्रिस्ताच्या जीवनाचा खेळ होता. पडद्यावर येशूचे चरित्र सरकू लागले. फाळके पाहत होते ख्रिस्ताकडे, पण त्यांच्या मनात आले राम आणि कृष्ण. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का येऊ नयेत? हा विचार त्यांना पुढे कधी सुटला नाही. त्यांनी स्वतःच नंतर तो लिहून ठेवला.

पाहा, ही एक साधी घरची फेरी होती. पण ती साऱ्या घराची होती. बापाने जे पाहिले ते बायकोने पाहिले, मुलांनीही पाहिले. म्हणून पुढे बापाने जे खूळ घेतले, ते काय आहे हे घराला आधीच ठाऊक होते.

चित्र हलते कसे?

इथे थोडे थांबू. पडद्यावरचे चित्र हलते म्हणजे काय होते, ते समजून घेऊ.

खरे म्हणजे एकही चित्र हलत नाही. सिनेमाच्या जुन्या फितीवर एकाखाली एक अशी लहान लहान चित्रे असत. प्रत्येक चित्र स्थिर. दोन शेजारच्या चित्रांत अगदी थोडा फरक. पहिल्या चित्रात बैलाचा पाय जमिनीवर. दुसऱ्यात तो किंचित उचललेला. तिसऱ्यात आणखी वर. अशी चित्रे एकामागून एक भरभर डोळ्यांपुढे आली, की ती वेगळी वेगळी दिसत नाहीत. मेंदू ती एकात एक गुंफतो. आपल्याला वाटते, बैल चालला.

पेटती काडी अंधारात गरगर फिरवून पाहा. जागोजागचा ठिपका दिसत नाही. उजेडाचे अख्खे कडे दिसते. तसाच हा प्रकार आहे.

मुक्या चित्रपटांच्या काळात एका सेकंदाला साधारण सोळा चित्रे दाखवत. म्हणजे एका मिनिटाला नऊशे साठ चित्रे. फिरता कॅमेरा ही चित्रे टिपतो. दिवा आणि भिंग यांच्या साहाय्याने ती मोठी करून पडद्यावर पाडतात. आज आपल्या हातातल्या फोनवर फीत नसते, पण हलत्या चित्राचे तत्त्व तेच आहे.

वेडाची किंमत

त्या दिवसापासून फाळक्यांना दुसरे काही सुचेना. त्यांनी परदेशातून सूचीपत्रे आणि पुस्तके मागवली. शिकवायला इथे कोणी गुरू नव्हता. गुरू म्हणजे छापील कागद. तो वाचायचा, यंत्र उघडायचे, पुन्हा वाचायचे. वाचता येणाऱ्या माणसाला हा केवढा आधार असतो! विहिरीवरचा पंप असो की औषधाची बाटली, तिच्यासोबत आलेला कागद आपण वाचला, तर निम्मे काम होते.

त्यांनी एक लहान कॅमेरा आणि फिती विकत घेतल्या. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून पाठवून ते भिंतीवर चित्रे पाडत. मुंबईतले खेळ रोज चार-पाच तास पाहत. झोप नाही, विसावा नाही. व्हायचे तेच झाले. डोळे बिघडले. काही काळ तर त्यांना दिसेनासे झाले. डॉक्टरांनी उपचार केले, निरनिराळे चष्मे दिले, तेव्हा नजर परत आली.

इथे आपण स्पष्ट बोललेच पाहिजे. छंद आणि व्यसन यांच्यामध्ये एक बांध आहे. रात्र-रात्र जागून, शरीर मोडून, घराची चिंता विसरून जे चालते, ते कितीही चांगले काम असले तरी बांधाच्या पलीकडे जाते. डोळे गेले असते तर? घर कोणाच्या तोंडाकडे पाहणार होते? फाळक्यांचे नशीब, की डोळे वाचले. सगळ्यांचे वाचतातच असे नाही.

बरे झाल्यावर त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि १९१२ सालच्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे चित्रपटांच्या एका साप्ताहिकाचे संपादक त्यांना भेटले. त्यांच्या ओळखीने चित्रपट तयार करण्याची जागा पाहायला मिळाली. काम कसे चालते ते त्यांनी डोळ्यांखाली घातले. कॅमेरा आणि फितीला भोके पाडण्याचे यंत्र त्यांनी विकत घेतले. एप्रिलच्या आरंभी ते घरी परत आले.

कुंडीतला वाटाणा

आता यंत्र आले, पण चित्रपट काढायला भांडवल हवे. पैसेवाला माणूस नुसत्या बोलण्यावर पैसे देत नाही. त्याला काहीतरी करून दाखवावे लागते. फाळक्यांनी काय दाखवले असेल? एखादा राजवाडा? लढाई? नाही. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले.

कुंडीसमोर कॅमेरा ठेवला. कुंडी हलवायची नाही, कॅमेरा हलवायचा नाही. ठराविक वेळाने एक-एक चित्र टिपायचे. असे महिनाभराहून अधिक दिवस चालले. मग ती फीत पडद्यावर दाखवली. महिनाभराची वाढ एका मिनिटात डोळ्यांपुढून गेली. माती फुटली, कोंब वर आला, पाने उलगडली, वेल चढू लागला. या लहानशा पटाचे नाव ‘अंकुराची वाढ’.

याचा हिशेब करून पाहा. एका मिनिटाला नऊशे साठ चित्रे. समजा, ती तीस दिवसांत घ्यायची आहेत. नऊशे साठला तीसने भागा. दिवसाला बत्तीस चित्रे येतात. रात्र धरली तर पाऊण तासाला एक चित्र झाले. हा आपला समजुतीपुरता हिशेब आहे. पण एका मिनिटाच्या खेळामागे किती चिकाटी लागते, हे त्यावरून कळते.

शेतकरी माणसाला यात नवल ते काय, असे वाटेल. आपण रोज पिकात उभे असतो. पण खरे सांगा, कोंब माती फोडून वर येताना आपण पाहिला आहे का? काल नव्हता, आज आहे, एवढेच आपल्याला दिसते. मधले कोणी पाहत नाही. ते मधले या फितीने दाखवले. ते पाहून फाळक्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने भांडवल द्यायचे कबूल केले.

घरधनिणीचा वाटा

भांडवल मिळाले तरी ते पुरणारे नव्हते. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. बाईमाणसाला दागिना म्हणजे काय, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तो नुसता शृंगार नाही. ती अडीअडचणीची शिल्लक असते. ती शिल्लक या बाईंनी नवऱ्याच्या कामात घातली.

आणि त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. दादरला ज्या घरात बिऱ्हाड होते, तेच घर कारखाना बनले. चित्रपटाची कोरी फीत तेव्हा भोके न पाडलेली येत असे. फीत यंत्रात सरकावी म्हणून तिच्या दोन्ही कडांना बारीक भोके पाडावी लागत. हे काम अंधारात करायचे. कोऱ्या फितीला उजेड लागला की ती वाया जाते. सरस्वतीबाई हे काम शिकल्या. अंधारात बसून हाताच्या यंत्राने त्या भोके पाडत.

किती भोके? फितीच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. प्रत्येक चित्राला एका कडेला चार आणि दुसऱ्या कडेला चार अशी आठ भोके. ‘राजा हरिश्चंद्र’ हा पहिला मोठा चित्रपट सुमारे ३७०० फूट लांब होता. एवढ्या लांबीच्या फितीला पावणेपाच लाखांच्या घरात भोके होतात! कोणी म्हणेल, बायकोने काय केले? तर हे केले.

फीत धुण्याची औषधे कालवायला त्या शिकल्या. चित्रे घेताना तोंडावर उजेड पडावा म्हणून त्या उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. आणि हे सगळे करून कामावरच्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याच गळ्यात होता.

दादासाहेब फाळक्यांचे नाव आज मोठमोठ्या सभांत घेतले जाते. सरस्वतीबाईंचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून या पानावर ते आम्ही मुद्दाम पुन्हा पुन्हा लिहिले आहे. कारभाऱ्याचा छंद पुरा होतो, तेव्हा त्याच्या मागे बहुधा कोणीतरी चूल पेटती ठेवलेली असते.

मुलेही कामाला लागली

‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट आपल्याला माहीत आहे. सत्यासाठी राजाने राज्य सोडले. राणी तारामती आणि मुलगा रोहिदास यांनाही वनवास भोगावा लागला. रोहिदासाचे काम कोणी करायचे? ते केले भालचंद्राने. ज्या मुलाने तंबूतला खेळ पाहून आईला सांगितले होते, तोच मुलगा आता पडद्यावर दिसणार होता.

तारामतीच्या कामाला तर बाई मिळेना. त्या काळी चित्रपटात काम करणे बायकांना कमीपणाचे वाटे. शेवटी एका खाणावळीतला आचारी, साळुंके नावाचा तरुण, लुगडे नेसून तारामती झाला. हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला. तो चालला. लोकांनी गर्दी केली.

पुढे फाळक्यांनी नाशिकला बिऱ्हाड हलवले आणि तिथे चित्रपट काढले. १९१७ साली ‘लंकादहन’ आला. त्यात हनुमान उडताना दिसे. जुना जादूगार केळफा इथे कामाला आला! कॅमेरा मध्येच थांबवायचा, समोरच्या माणसाला बाजूला काढायचे, आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. पडद्यावर तो माणूस डोळ्यांदेखत नाहीसा होतो. अशा युक्त्या फाळक्यांना चांगल्या साधत.

१९१९ साली ‘कालिया मर्दन’ आला. त्यात बाळकृष्णाचे काम कोणी केले, ठाऊक आहे? फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने. वय अवघे सात वर्षांचे. चित्रपटाच्या आरंभी तिचा साधा चेहरा दाखवला आहे. ती हसते, रागावते, निरनिराळे भाव तोंडावर आणते. मग तिचा कृष्ण होतो. ज्या काळात मोठ्या बायका पडद्यावर यायला कचरत, त्या काळात बापाने आपल्या लेकीला पुढे केले. मुलीला काय करायचे आहे कळून, असे तो म्हणाला नाही.

जमा आणि खर्च

आता आपण घरच्या वहीत लिहितो तसा या छंदाचा जमाखर्च लिहू.

जमेच्या बाजूला काय आहे? एक नवा धंदा देशात सुरू झाला. आज लाखो लोकांचे पोट त्यावर चालते. मुलांना बापाबरोबर काम करायला मिळाले. बायको नुसती पाहत राहिली नाही, ती कारागीर झाली. ‘लंकादहन’ने पैसाही पुष्कळ दिला.

खर्चाच्या बाजूला काय आहे? गेलेली झोप, बिघडलेले डोळे, गहाण पडलेले दागिने, कर्जाची टांगती चिंता. पुढे धंद्यात भागीदारांशी पुन्हा मतभेद झाले. १९३१ साली बोलपट आला आणि मुक्या चित्रपटांचा काळ सरला. १९३७ साली फाळक्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट काढला. तो त्यांचा शेवटचा मोठा चित्रपट. म्हातारपणी हातात पैसा उरला नव्हता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते वारले. १९६९ सालापासून सरकार त्यांच्या नावाने चित्रपटातला सर्वांत मोठा पुरस्कार देते. पण तो मान पाहायला ते नव्हते.

मग बापाने असा छंद करावा की करू नये?

आम्हाला असे वाटते. सगळेच बाप फाळके नसतात, आणि असायला पाहिजेत असेही नाही. दागिने गहाण ठेवून निघालेली शंभर माणसे मोजली, तर त्यांतला एखादा फाळके होतो. बाकीच्यांचे नाव कोणी लिहीत नाही. त्यांची बायका-मुले मात्र सावकाराच्या दारात दिसतात. म्हणून छंदात पैसा घालण्याआधी घरचे दाणे, पोरांची फी आणि दुखण्याखुपण्याची शिल्लक बाजूला काढावी. उरेल त्यात छंद करावा. आणि घरच्या माणसांना विचारून करावा. विचारायचे म्हणजे नुसते सांगायचे नव्हे. तिने ‘नको’ म्हटले तर थांबायची तयारी ठेवून विचारायचे.

फाळक्यांकडून घ्यायचे ते कर्ज नाही. त्यांनी जे पाहिले ते घराला दाखवले, आणि जे केले त्यात घराला हात घालू दिला. हे करायला एक रुपयाही लागत नाही.

आपल्या घरी करून पाहू

कुंडीतला वाटाणा तर प्रत्येक घरी उगवू शकतो. तो असा.

मूठभर वाटाणे, मटकी किंवा घेवडा रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी काचेचा एक पेला घ्या. आत ओल्या फडक्याची गुंडाळी बसवा. काच आणि फडके यांच्यामध्ये चार-पाच दाणे ठेवा, म्हणजे ते बाहेरून दिसतील. फडके ओले राहू द्या, पण दाणे पाण्यात बुडू देऊ नका. बुडाले तर कुजतील.

मटकीला एक-दोन दिवसांत मोड येतो. वाटाण्याला थोडे अधिक दिवस लागतात. मुलांना विचारा, आधी काय बाहेर येते, पान की मूळ? आधी मूळ येते. ते खाली जाते. मग कोंब वर जातो. आता पेला आडवा करून ठेवा. दोन दिवसांनी पाहा. मूळ वळून पुन्हा खाली चाललेले दिसेल आणि कोंब वळून वर. मातीत दाणा कसाही पडला, तरी पीक सरळ का उगवते, ते इथे उघड दिसते.

आता पोराची एक जुनी वही घ्या. रोज तिच्या एकेका पानाच्या बाहेरच्या कोपऱ्यात त्या कोंबाचे चित्र काढा. आज तुम्ही, उद्या मुलगी, परवा मुलगा, तेरवा मुलांची आई. चित्र चांगले आले नाही तरी चालेल. मात्र ते दर वेळी कोपऱ्यातल्या त्याच जागी यावे. खाली तारीख लिहा. तारीख लिहायला आता तुम्हाला येते. तीस पाने झाली की वही हातात धरा, अंगठ्याने पाने भरभर सोडा. कोपऱ्यातला कोंब वाढू लागेल. हा तुमच्या घरचा चित्रपट. ज्याच्याकडे फोन आहे, त्याने रोज एकाच जागेवरून एक फोटो काढावा. तेही तसेच होईल.

आणि वर्षातून एकदा तरी सगळ्या घराने मिळून कुठेतरी जावे. फार लांब नको. जवळचा किल्ला असेल, धरण असेल, जत्रा असेल. नाशिककडचे लोक पांडवलेण्यांना जाऊ शकतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेली ती लेणी आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे.

पण जाताना एक करा. पहाटे उठून फडक्यात भाकऱ्या बांधायचे काम त्या दिवशी एकटीच्या अंगावर टाकू नका. पाणी तुम्ही भरा, कांदा-चटणी मुलांनी बांधावी. नाही तर फिरणे तुमचे आणि राबणे तिचे, असे होते. वाटेत मुलाने काही विचारले तर ‘गप बस’ म्हणू नका. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा, आणि दोघे मिळून पाटीवरचे अक्षर वाचा. कळेल.

मुले मोठी झाल्यावर बापाने किती कमावले, हे त्यांना आठवतेच असे नाही. बापाने हात धरून काय दाखवले, ते मात्र ती विसरत नाहीत. तेव्हा आज रात्री मूठभर वाटाणे भिजत घाला.